केळव्याकडचा अर्धा इंच

—नाही, डॉक्टरबाई, उंचीची पट्टी लावू नका अजून, बसा आधी. वन्सं मागे हौदावर दोघी पोरींचे पाय धुतायत, येतीलच एवढ्यात — केळव्याहून पॅसेंजरनं आल्या आणि बोइसर स्टेशनापासून इथवर येईतो आनंदीचे पाय म्हणे सिमेंटनं पांढरे झाले. झाले असतील. आमच्या ह्या सरावली गावात सगळ्यांचेच होतात, त्याचं काय एवढं? पण त्या येईपर्यंत मला बोलू द्या. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. कशापायी? त्या अर्ध्या इंचापायी. मागच्या खेपेला तुम्ही दोघींना ह्याच भिंतीला उभं केलंत आणि सहज बोलून गेलात — "केळव्याची अर्धा इंच वर आहे हं." तुम्ही बोललात, लिहून घेतलंत, संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेलात. मी इथंच राहिले ना — त्या भिंतीपाशी!

हसा, हसा. हे पण हसले. म्हणाले, "तिकडे तारापूरला आम्ही अणूतून वीज काढायला निघालोय आणि तू अर्ध्या इंचावर बसलीयस." ह्यांना काय, प्रकल्पावर ओव्हरसियर, ह्यांच्या इंचांना नकाशे असतात. माझ्या इंचाला कोण आहे? तुम्हीच सांगितलंत — जुळ्यांचा अभ्यास कशासाठी, तर रक्तातून काय येतं आणि वातावरणातून काय येतं ते कळावं म्हणून. बोटांचे ठसे घेतलेत, रक्त घेतलंत, म्हणालात, ह्या अगदी सारख्या. झालं. म्हणजे रक्तातून जे आलं ते — सासूबाईंच्या मते — माझ्या माहेरचं. दात माझ्या माहेरचे, हट्ट माझ्या माहेरचा, दुधावरची साय बघून तोंड फिरवायचं तेही माझ्याच माहेरचं. आणि वातावरणातून जे आलं ते माझ्या हातचं. मग मी विचारलं, ह्यांच्याकडून काय आलं? तर दोन फ्रॉकांचं कापड आलं, गेल्या दिवाळीला. तेही आखूड.

नाही, चहा ठेवलाय, होऊ द्या. ...काय? मीच दिली ना मुलगी? असं लिहिलंय तुमच्याकडे? मी कुणाला दिली नव्हती हो! ऐका. जुळ्या झाल्या तेव्हा ह्यांची इथं नुकतीच नेमणूक झालेली, दोघींना पुरेल एवढं दूध मला नाही, त्यात आनंदी जरा अशक्त. ह्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान केळव्याला पोस्टमास्तर — दारात गाय, मागं नारळी-पोफळी, आणि घरात मूल नाही. इंदुवन्सं म्हणाल्या, "वहिनी, चार महिने नेते, बाळसं धरलं की आणून देते." मी म्हटलं, न्या. उंबऱ्यापाशी मी पोर त्यांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी पदर पसरला. मला वाटलं, तान्हं मूल, हातातून निसटू नये म्हणून! ठेवली पदरात. लगेच सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, नारळ दिला — मला वाटलं, प्रवासाला निघाल्यात म्हणून. मॅट्रिक झालेय मी, डॉक्टरबाई, आरोग्यशास्त्र विषय घेऊन. त्यात आतड्यांची लांबी होती, पदरात मूल घातलं की ते कायमचं दिलं असं कुठं छापलं नव्हतं. आणि पाहिलं नव्हतं का मी कधी? पाहिलं होतं की, आमच्या गल्लीतच. पण ते दुसऱ्याचं मूल होतं ना — दुसऱ्याचं असलं की नीट दिसतं. लांबलेलं बारसं केळव्याला झालं, मला पाहुणी म्हणून बोलावलं आणि निघताना खण दिला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बोलणार काय? चार माणसांत म्हणू, की मी फक्त ठेवायला दिली होती — एखादा डबा ठेवायला द्यावा तशी?

तर ते चार महिने अजून चाललेत. पोरी साडेपाच वर्षांच्या झाल्या.

आणि मग तुम्ही आलात. मला वाटलं, देवानंच पाठवलं, शिकलेली बाई आहे, हिला कळेल. तुम्हाला कळलं ते भलतंच! तुम्ही म्हणालात, अशी वेगळी वाढणारी जुळी फार क्वचित हाती लागतात, दहा वर्षांच्या होईपर्यंत तरी राहू द्या अशाच. हे तर काय — "विज्ञानाचं काम आहे, आपण मध्ये येऊ नये." वन्संनी देवापुढे साखर ठेवली असेल. आता जूनमध्ये शाळा. वन्सं म्हणतात तिकडच्या शाळेत घालणार. एकदा तिकडे नाव पडलं की झालं — बारशानंतर माझं जे उरलं होतं तेवढंही गेलं. म्हणून म्हणते, एकच वाक्य बोला तुम्ही. म्हणा, आता दोघींनी एका घरात राहायला हवं, अभ्यासासाठी जरुरी आहे. माझ्यावर वन्संचा विश्वास नाही, पण तुमच्या गळ्यातल्या त्या नळीवर आहे. ...खोटं कसं? थोडं इकडचं तिकडं.

तसा तुमचा अभ्यास तरी कुठं सोवळा राहिलाय! आता बोललेच आहे तर सांगते — थंडी सरल्यापासून मी माझ्याजवळच्या शकूला रोज माशाचं तेल पाजतेय. नाक धरून. आमच्यात चालत नाही, म्हणून सासूबाईंना सांगितलं, एरंडेल आहे. आणि सकाळी दाराच्या चौकटीला हात पुरतील तशी उचलून धरते, लोंबकळू देते जरा. उंचीसाठी. ...रागावू नका, खोडू नका ते, मागचं सगळं खरंच आहे! वन्सं काय कमी करत असतील? तुम्ही यायच्या आधी आनंदीला शिरा चारतात, तीच सांगते मला.

सातपाटीची येसूबाई येते दारावरून — आम्ही बोंबील घेत नाही, पण ती पाणी प्यायला टेकते. शकू जेवेना म्हणून मी एकदा रडकुंडीला आलेली, तर म्हणाली, "कशाला मारून भरवतंस, बाय? तिकडची जेवली आसंल. येकीचा पोट भरला की दुसरीला भूक नाय लागत." आहे का रकाना ह्याला तुमच्याकडे? हसले मी. आणि मग त्या दिवशी आनंदी काय जेवली असेल ह्याचाच विचार करत बसले.

खरं सांगू? मला आनंदी परत हवीय की तो अर्धा इंच परत हवाय, हेच धड कळत नाही. ती हसते ना, तेव्हा खोकत नाही. शकू हसली की खोकते. इथं सगळा धुरळा — पण धुरळ्यानं की माझ्यानं? तुमच्या हिशेबात दोन्ही एकच, वातावरण. कधी वाटतं, उलट झालं असतं, शकूच पदरात घातली असती, तर आज ती... नको. हे लिहू नका. हे मी बोललेच नाही.

आल्या वाटतं. पुसा गं पाय. या, वन्सं, चहा झालाच आहे. नाही, काही नाही, डॉक्टरबाईंना धुळीचं सांगत होते. हो ना हो, डॉक्टरबाई? तुम्ही काहीतरी बोलणार होतात वन्संशी... शाळेबद्दल... बरं. आधी उंची. मोजा. शकू, टाचा टेकव — टेकव म्हणते ना! किती? ...अजून अर्धा? तेवढाच?

असू दे. मीच विचारते. वन्सं, पोरीलाच विचारू या, मग तर झालं? आनंदी, इकडे ये बाळ. तुला शकूबरोबर इथल्या शाळेत जायचंय? इथं राहायचंय, आमच्याकडे? ...बघा, मान हलवली! बघितलंत, वन्सं? हो म्हणाली! डॉक्टरबाई, तुम्ही साक्षीला — शकू, पदर सोड, चहा सांडेल. काय चाललंय तुझं? आणि ही पिशवी कुणी भरली, त्यात फ्रॉक कुणी कोंबले? थांब, रडू नको, काय ते मोठ्यानं सांग, डॉक्टरबाईंना पण ऐकू दे—

"मग आता माझी पाळी ना आई, केळव्याला राहायची?"