श्वासबाईंना निरोप देताना मधल्या पायऱ्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे आदरणीय सचिव, मुख्याध्यापिकाबाई, सत्कारमूर्ती श्वासबाई, सहकारी, पालक आणि मागच्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या विद्यार्थी मित्रहो! तुमचं ते ध्यान आहे की झोप, हे ठरवायचा अधिकार माझा नाही.

मी गणिताचा शिक्षक. संशय हा माझा धंदाच. बाई आल्या आणि प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत चटया अंथरून नववी-दहावीच्या मुलांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवू लागल्या, तास संपला की एकेकाचं मनातलं ऐकून घेऊ लागल्या, तेव्हा मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. अहो, श्वास काय शिकवायचा? तो घेतल्याशिवाय कुणी दहावीपर्यंत पोचतो का?

त्यातच चाचणीत एका मुलीने अर्धा पेपर कोरा दिला. मी जाब विचारला, तर म्हणते, "सर, बाई म्हणाल्या, अडकलं की सोडून द्यायचं."

आता बघा, मी वर्षानुवर्षं 'सोडवा' म्हणून घसा कोरडा करतोय आणि या म्हणतात 'सोडा'! तणतणत त्या खोलीत गेलो. बाई हसल्या. "सर, मी विचार सोडायला सांगितलं होतं, गणितं नव्हे."

"पण ती तुमच्याशी बोलते काय एवढं?"

"ते तिचं आहे. तिलाच विचारा."

ती मुलगी माझीच, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं. तिने एकाच ओढणीची दोनदा घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, तुमचा तास असला की सकाळी मला उलटी होते."

घरात मी बाबा, शाळेत सर. दोघांनाही पत्ता नव्हता. फार वाईट वाटलं, मंडळी. त्या दिवसापासून आम्ही बोलतो. अजून अडखळतच, पण बोलतो. तिचं जेवण सुधारलंय.

असो. सचिवसाहेबांनी मघाशी सांगितलं की बाई 'वैयक्तिक कारणास्तव' जात आहेत. साहेबांबद्दल मला नितांत आदर आहे. पण उत्तर आलं तरी मधल्या पायऱ्या दिसल्याशिवाय मी गुण देत नाही, ही माझी खोड. शिक्षकांच्या खोलीची आणि कार्यालयाची भिंत एकच आणि ती पातळ. 'कोणतं मूल काय बोलतं, ते नावानिशी कळवा,' असं कुणीतरी म्हणालं आणि बाई 'नाही' म्हणाल्या, एवढं मला ऐकू आलं. कुणाचा आवाज होता, ते भिंतीने सांगितलं नाही. साहेब, पाणी हवंय का? द्या रे कुणीतरी.

सोमवारपासून हे श्वासाचं प्रशिक्षण वर्गातल्या स्पीकरवरून होणार आहे म्हणे. उत्तम सोय. स्पीकर श्वास घ्या म्हणेल, सोडा म्हणेल. फक्त त्याला कान नसतात.

बाई, तुमचे आभार मी शिक्षक म्हणून मानतो, त्याहून अधिक बाप म्हणून. अध्यक्षमहोदय, आपण बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. एकच विनंती. मुलीने आज सकाळी विचारलं, "बाबा, बाई माझ्यामुळे चालल्यात का?" मी घरी जाऊन काय सांगू, तेवढं व्यासपीठावरून कुणीतरी सांगा. मी उभाच आहे.