शेवटच्या नळीची मोजणी

समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय डॉक्टर गोपीनाथराव चौबळ, ठाण्याहून कामे टाकून आलेले अधिकारीवर्ग, कल्याणच्या या गुरांच्या दवाखान्यातले माझे सहकारी, आणि शहाडकडून चालत आलेली गोठेवाली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

एका कंपाउंडरच्या निरोपाला एवढी माणसे? निम्मी चिवड्यासाठी आली असतील, तरी मला चालेल. गेली पाच वर्षे डबा खाताना माझ्या शेजारी कोणी बसलेले नाही. तक्रार नाही हो. टेबलावर नळ्यांत गोचिडी वळवळत असताना कोण कशाला बसेल?

मघाशी डॉक्टरसाहेब म्हणाले, 'विश्रामरावांनी स्वतःहून संशोधन केले.' संशोधन कसले? माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आज सांगून टाकतो. जिच्या बाबतीत चूक झाली, ती आवडाबाई शेवटच्या रांगेत बसली आहे.

सन बावन्न. शहाडला हिच्या गोठ्यात तांबड्या गाईला डीडीटीच्या पाण्याने मी स्वतः धुतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो टपोऱ्या गोचिडी खाली पडलेल्या, पाय आखडलेल्या. मी मोजल्या आणि वहीत लिहिले, मेल्या. वार शुक्रवार. त्यांच्या घरी शुक्रवारी गोठ्यातला केर बाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. तो कोपऱ्यात सारून ठेवतात. आवडाबाईने विचारले, 'भाऊ, आजच्या दिस ऱ्हावदे का?' मी म्हणालो, 'राहू दे की. मेलेल्या त्या.'

त्या मेलेल्या नव्हत्या. रात्रीतून सरपटत भिंतीच्या फटीत गेल्या आणि एकेकीने दोन-दोन हजार अंडी घातली. पुढे महिन्याभरात भिंतीवर मोहरीहून बारीक पिल्लांची रांग लागली. ती चढली तशी तांबडीला गोचीडताप भरला, लघवी लाल झाली, चौथ्या दिवशी गाय गेली. मी गेलो तेव्हा आवडाबाई रडत नव्हती. एवढेच म्हणाली, 'भाऊ, तुमीच तं बोल्लाव, परल्या म्हंजे मेल्या.' त्यानंतर तिने मला गोठ्यात पाऊल टाकू दिले नाही.

तेव्हापासून मी पडलेल्या गोचिडी मोजायचे सोडले आणि अंडी मोजू लागलो. औषधात बुडवलेली गोचीड नळीत ठेवायची, तोंडाला कापूस, वर तारीख. औषध कमी पडले तर ती उठून बसते आणि खुशाल अंड्यांनी घर भरते. पुरेसे लागले तर मरायला दिवस घेते, मरतामरता थोडी अंडी घालते, पण ती सुकतात, एकविसाव्या दिवसानंतरही फुटत नाहीत. औषध लागले की नाही, ते आईला विचारून कळत नाही. अंड्यांची वाट पाहावी लागते.

वाट पाहायला तेव्हा मला सोबत होती. डोंबिवलीला घरी पोचलो की आमची सरोज पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, 'आधी हात धुवा. आज किती फुटली?' आम्हाला मूलबाळ नाही. घरात बोलायला विषय हाच. ती जाऊन तीन वर्षे झाली. आता आकडा घेऊन घरी जातो आणि तो तसाच माझ्यापाशी राहतो. एकदा कुलूप काढतानाच मी मोठ्याने म्हणालो, 'चारशे दहा.' शेजारच्या बाईंनी दार लावून घेतले. फार एकटे वाटते हो, खोटे कशाला बोलू?

असो. सुवासिनींच्या हळदीकुंकवासारखा हा समारंभ, त्यात मी हे काय काढले. मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात आवडाबाई आपण होऊन दवाखान्यात आली. नवी कपिला घेतली आहे, तिच्या अंगावर गोचिडी. म्हणाली, 'भाऊ, या वख्ताला नीट बघा.' मी शहाडला जाऊन नव्या औषधाने कपिला धुतली, पडलेली प्रत्येक गोचीड वेचून आणली, गोठ्यात केर म्हणून एक ठेवली नाही. त्यांनी नळीत अंडी घातली आहेत. आज दहावा दिवस. म्हणजे मोजणीला अजून अकरा दिवस, आणि मी आजपासून घरी.

माझ्या जागी आलेले रघुनाथराव म्हात्रे टापटिपीचे गृहस्थ आहेत. चार्ज घेताना त्यांनी लिहिले, 'काचेच्या नळ्या बारा, रिकाम्या, धुवायच्या.' रघुनाथराव, अकरा रिकाम्या आहेत. बारावीत कपिलेची ती अंडी आहेत, कपाटात, मागच्या बाजूला.

त्या दिवशी गोठ्यातून मी निघताना आवडाबाई म्हणाली होती, 'फुटली का नाय, सांगाया या. च्या टाकीन.' पाच वर्षांनी तिने घरी बोलावले आहे. तीन वर्षांनी आकडा विचारणारे कोणी भेटले आहे. तिला मी अंदाजाने उत्तर देणार नाही, एकदा दिले तेवढे पुरे.

आपण शाल दिलीत, नारळ दिलात, माझे बोलणे ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. नोकरीत अनेक चुका झाल्या, त्या पोटात घाला. आणि अध्यक्षमहाराज, आणखी एक घालावी लागेल. चार्जच्या यादीत कपाटाची किल्ली परत केल्याची माझी सही आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. अकरा दिवसांनी शहाडला जाताना ती आणून देईन.

नमस्कार.