हँडलच्या वरचा जावई

मिस्त्री : …म्हणून म्हणतो ताई, आणखी चार दिवस द्या. रंगाचा हात मारायचाच राहिलाय. आत्ता नुसता प्रायमर आहे, विटकरी. असली गाडी रस्त्यावर दिसली तर लोक म्हणतील, मिस्त्री अर्ध्यात पळाला.

मुलगी : विटकरी तर विटकरी. चालते ना?

मिस्त्री : पळते.

मुलगी : मग आजच द्या. चार वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचंय. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तीन तारखा मोडल्यात त्यांनी. एकदा गुडघा दुखला, एकदा पोट. तिसऱ्यांदा म्हणाले, जाईन तर माझ्याच गाडीतून जाईन. आणि गाडीचा तळ असा गंजलेला, की बसलं तरी चालतच जावं लागलं असतं.

मिस्त्री : तळ नवा टाकलाय. चारी दारं खरवडली, गंज मुळापासून काढलाय. कण शिल्लक नाही.

मुलगी : डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलंत तर डोळे हातचे जातील. बाबा! आत या. बाकावर कशाला बसलाय रुसून? गाडी आली तुमची.

बाबा : कुठाय?

मुलगी : ही काय. समोर.

बाबा : हं. हं… हं. नाही.

मुलगी : काय नाही?

बाबा : ही माझी नाही.

मिस्त्री : काका, चाळीस वर्षं वापरलीत ना ही?

बाबा : ती वापरली. हिला मी आज पहिल्यांदा भेटतोय.

मुलगी : नंबर बघा की. तोच आहे.

बाबा : नंबर कुणीही लिहील. मी उद्या तुझ्या कपाळावर लिहीन, तू गाडी होशील का?

मिस्त्री : इंजिन तुमचं, चाकं तुमची, स्टीअरिंग तुमचं. आम्ही फक्त पत्रा…

कॉम्प्रेसर : घर्रर्रर्रर्रर्र.

बाबा : काय म्हणाले?

मुलगी : फक्त पत्रा बदलला, म्हणाले!

बाबा : माणसाची फक्त कातडी बदलली तर बायको घरात घेईल का? विचार ह्यांच्या बायकोला.

मिस्त्री : ती आत्ताही घेत नाही, अंगाला थिनरचा वास येतो म्हणून. काका, काय कमी आहे ते तरी सांगा. मी करून देतो.

बाबा : गंज.

मिस्त्री : काय?

बाबा : गंज कमी आहे. माझ्या गाडीला गंज होता, ह्या गाडीला नाही. तो परत लावून द्या. लावलात की ही माझी गाडी. मग मी बसेन. मग दवाखाना.

मिस्त्री : अहो, तीस वर्षं गंज काढतोय मी. माझ्या नखांत गंज, माझ्या डब्यात गंज, रात्री शिंकलो तरी उशीवर गंज. आणि तुम्ही म्हणताय…

मुलगी : बाबा, पुरे. तुम्हाला ऑपरेशनला जायचं नाही, म्हणून हे सगळं सोंग चाललंय.

बाबा : सोंग कसलं? जे चांगलं आहे त्याला मी चांगलं म्हणतोय की नाही? रंग बघ. रंगाला मी नाव ठेवलं का? रंग त्यांनी हुबेहूब मिळवलाय. तोच हिरवा. शंभर टक्के तोच.

कॉम्प्रेसर : घर्रर्रर्र… र्र… फुस्स.

बाबा : गप्प का झालात दोघं?

मिस्त्री : काही नाही. काका, मला जरा शंका होती. थोडा गडद वाटतो का हिरवा?

बाबा : किंचित. उन्हात उतरेल.

मिस्त्री : आणि हे शेजारचं दार? ह्याला दुसरा डबा वापरला होता.

बाबा : कळत नाही अजिबात. एकजीव झालाय. हात चांगला आहे तुमचा.

मुलगी : बाबा.

बाबा : आता काय?

मुलगी : गाडी विटकरी आहे.

बाबा : …कधीपासून?

मुलगी : बाबा!

बाबा : नाही, म्हणजे मला कुणी विचारलं का? विटकरी करायचं ठरलं कधी? घरातल्या मोठ्या माणसाला एका शब्दानं…

मुलगी : किती बोटं आहेत ही?

बाबा : बापाची परीक्षा घेतेस?

मुलगी : किती आहेत?

बाबा : जेवढी देवानं दिलीत तेवढी.

मुलगी : मी हात वर केलेलाच नाही, बाबा.

(मिस्त्री एक स्टूल पुसून बाबांच्या पायांशी लावतो. बाबा ते हातानं चाचपतात आणि बसतात.)

मुलगी : किती दिसतं? खरं सांगा.

बाबा : उजेड दिसतो. कुणी समोर आलं की तो कमी होतो.

मुलगी : एवढंच? मग मी आलेय हे कसं कळतं तुम्हाला?

बाबा : प्रश्न सुरू होतात.

मुलगी : हसू नका मिस्त्री! आणि दवाखान्यातला तो तक्ता? शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलात की तुम्ही!

बाबा : माझ्या आधी एक बाई होत्या. त्यांनी मोठ्यानं वाचला. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं आहे.

मुलगी : रोज सकाळी तासभर पेपर धरून बसता.

बाबा : कधी उलटा धरला का?

मुलगी : दोनदा.

बाबा : मग बोलायचं नाही का!

मुलगी : मला वाटलं, बातम्यांवर चिडलात म्हणून धरलाय तसा. आणि मी वेडी, तुम्ही कप गळतो म्हणालात तर तीन कप फेकून दिले. कप नव्हते गळत. चहा बाहेर ओतत होतात तुम्ही.

बाबा : त्यातला निळा कप मला आवडायचा.

मुलगी : का नाही सांगितलंत?

बाबा : सांगितलं असतं तर कापलं असतं.

मुलगी : कापायला नको, तर काय लोणचं घालायचंय डोळ्यांचं? दिसेल तुम्हाला त्यानं!

बाबा : आणि नाही दिसलं तर? आत्ता निदान उजेड आहे. खिडकी कुठे ते कळतं. सकाळ झाल्याचं कळतं. त्यांची सुरी जराशी हलली आणि हाही गेला, तर मी कुणाकडे मागू? तुझ्याकडे? ह्यांच्याकडे?

मिस्त्री : माझ्याकडे ट्यूबलाइट आहे, तीही लुकलुकते.

मुलगी : मिस्त्री, तुम्ही मध्ये पडू नका.

मिस्त्री : पडतो, ताई. गाडी माझ्या आवारात आहे. काका, मघाशी तुम्ही हिच्यावरून हात फिरवलात आणि ‘नाही’ म्हणालात. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. कारण आम्ही पण तसंच बघतो. डोळा पत्र्यावर फसतो. चकाकी दिसली की खूश होतो. म्हणून घासून झालं की डोळे मिटायचे आणि तळवा फिरवायचा. तळवा खोटं बोलत नाही. काय सांगितलं तुमच्या तळव्यानं?

बाबा : की ही गुळगुळीत आहे. काचेच्या ग्लाससारखी. कुठून सुरू होते, कुठे संपते, काही समजत नाही.

मिस्त्री : काचेच्या ग्लाससारखी म्हणजे माझ्या कामाला दाद झाली की.

बाबा : दाद नाही. मागच्या डाव्या दाराला, खालच्या अंगाला पत्र्यात लाट आहे.

मिस्त्री : शक्यच नाही.

बाबा : वीतभर. बघा.

मिस्त्री : तिथे मी स्वतः तीन वेळा… थांबा. डोळे मिटू द्या… आयला. आहे.

मुलगी : मिस्त्री, साडेतीन वाजायला आलेत! लाट राहू दे!

मिस्त्री : ताई, तीस वर्षांत माझी लाट कुणी पकडली नव्हती. काका, आता खरं सांगा. गंज कशाला हवा?

बाबा : रोज सकाळी ही पोरगी अजून झोपलेली असायची तेव्हा मी खाली जायचो. गाडीला हात लावून एक फेरी मारायची, मग आत बसायचं. मागच्या चाकाच्या वर, पत्र्याला एक मोठा पापुद्रा होता. हिच्या आईनं त्याला नाव ठेवलं होतं मावशी.

मिस्त्री : मावशी?

बाबा : दर वर्षी पसरत जायची. मावशीपासून चार बोटं पुढे तीन फोड ओळीनं. ती भाडेकरूंची पोरं. आणि हँडलच्या बरोबर वर एक टपोरा होता, तो जावई. न बोलावता आला आणि गेला नाही.

मुलगी : आई असं म्हणायची? माझ्या नवऱ्याला?

बाबा : गंजाला म्हणायची. तुझा नवरा नंतर आला. जावई लागला की खाली हँडल. आंधळ्यालाही सापडेल असं. म्हणजे… सापडायचं. आज मी ह्या ग्लासवर चाचपडत बसलो असतो, रस्त्यावर, चार माणसांसमोर. आणि तू म्हणाली असतीस, बाबा मी उघडते.

मुलगी : उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाबा : आज दार उघडशील. उद्या घास भरवशील.

कॉम्प्रेसर : घर्रर्रर्र…

मिस्त्री : बंद करतो त्याला, थांबा. हं. ताई, खड्डे भरायच्या पुटीचा तो डबा द्या. तो नाही, पत्र्याचा. आणि भुसा, तिथे पोत्यात आहे. मूठभर.

मुलगी : काय करताय?

मिस्त्री : खरा गंज लावणार नाही. ते माझ्या हातून होणं नाही, मेलो तरी. पण पुटीत भुसा आणि दुप्पट हार्डनर घातला, तर दहा मिनिटांत दगड होतो. फोड म्हणा, पापुद्रे म्हणा, तुम्ही सांगाल ती आकृती. बोला काका. मावशी केवढी?

बाबा : तळहाताएवढी. कडेला उचललेली.

मिस्त्री : कडा उचलतो… लावा हात. हळू, ओली आहे.

बाबा : मावशी एवढी सज्जन नव्हती. खडबडीत करा.

मिस्त्री : भुसा वाढवा ताई. आता?

बाबा : हां. आता टोचते.

मिस्त्री : पोरं तीन. मधलं?

बाबा : मधलं बारकं.

मिस्त्री : आणि हा जावई. किती टपोरा?

बाबा : आणखी. आणखी… बास. जास्त लाडावून ठेवू नका.

मिस्त्री : एक हात जोडून विनंती आहे, हे बाहेर कुणाला सांगू नका. गाडीला मोड आणून देणारा मिस्त्री म्हणून नाव झालं तर माझ्या आवारात कुत्रं फिरकणार नाही.

मुलगी : पावणेचार. वाळलं का?

मिस्त्री : टकटक करा. झाला दगड. काका, उठा. मी हात देत नाही.

बाबा : देऊ नका. हे मागचं चाक… मावशी. एक, दोन, तीन. जावई. त्याच्या खाली…

मुलगी : उघडलं!

बाबा : ओरडू नकोस. मला कळलं, मीच उघडलं.

मुलगी : म्हणजे आता ही तुमची गाडी?

बाबा : सीट माझ्यासाठी पुढे ओढलीय का मागे?

मुलगी : मागे आहे. बाबा, म्हणजे निघायचं ना? दवाखान्यात?

बाबा : इंजिनाचा आवाज काढून बघ आधी. हं. खोकते तशीच.

मिस्त्री : काका, एक सांगू का? दिसायला लागलं की ताबडतोब इकडे या. दोन मिनिटांत घासून काढतो हे सगळं, वर तुमचा हिरवा मारतो. फार भयंकर दिसतंय हो. बघवत नाही.

बाबा : भयंकर म्हणजे कसं?

मिस्त्री : विटकरी गाडीवर पिवळट टेंगळं. दाराला गालगुंड झाल्यासारखी.

बाबा : मग मी येईपर्यंत घासायचं नाव काढू नका, मिस्त्री. मला बघायचंय.