चुन्याखालची तिसरी ओळ

मंडळी, मघाशी एक पद म्हटलं मी.

दार उघडे ठेविले, आज येईल श्रीहरी ।
वाट पाहता पाहता, सांज टेकली उंबरी ॥

आणि थांबलो. तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, "बुवा पुढचं विसरले वाटतं." काकू, ऐकू येतं हो मला! विसरलो नाही. या पदाला तिसरी ओळ होती. हरी आला की नाही, ते त्या ओळीत होतं. आज ती कुणालाच ठाऊक नाही. का नाही, तेच आजचं आख्यान.

पण आधी एक प्रश्न. माणसाच्या हातात कला आहे, पदरात वेळ आहे, मनात भाव आहे — खोटा नव्हे, अगदी खराखुरा. तरी काम होत नाही. का? आळस म्हणाल. मीही आधी तेच म्हणायचो. ऐका.

खाडीकाठी चिंचवली नावाचं गाव. तिथे त्र्यंबकबुवा नावाचे कीर्तनकार होते. वय सत्तरीच्या पुढे. पदं स्वतःच रचायचे, चाली स्वतःच लावायचे. आणि हे सगळं तोंडात! कागदावर अक्षर नाही. हाताला कंप सुटलेला, टाळसुद्धा धरवत नसे, तर बोरू कुठून धरवणार? मुलगा तापात गेला होता. घरात बुवा आणि विधवा सून आवडी, दोघंच. म्हणजे बुवा गेले की पदं गेली. गावाला हे कळत होतं.

मग गावानं नरहरपंतांना गाठलं. पंत कचेरीतून कारकुनी करून निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखं. साहेब म्हणे अर्ज वाचायचाच नाही, नुसता बघत बसायचा! पंतांनी बुवांचे पाय धरले. म्हणाले, "रोज एक पद सांगा. मी उतरवून घेतो. वर्षाच्या आत पोथी उभी करतो."

बुवा म्हणाले, "बसा की मग. आत्ताच एक सांगतो."

"आत्ता? बुवा, एवढं मोठं काम. असं उठसूट कसं सुरू करायचं? पाडव्याला बसू."

झालं! पंतांनी चांगला जाड कागद आणवला. काजळी खलून शाई केली. बोरू तासले, एक नाही, अकरा. पोथीला तांबडं रेशमी बासन शिवून घेतलं. पाडवा आला. शाई जाड झाली होती. मग अक्षय्य तृतीया धरली, तर व्याही आले. पुढे पावसाळा, कागद दमट. श्रावणात व्रतं. दसऱ्याला मात्र पोथी बाहेर निघाली. पाटावर मांडली, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. बुवा म्हणाले, "पंत, आता सोडा बासन." पंतांनी जीभ चावली. "छे छे, बुवा. पूजेच्या दिवशी पोथीला हात लावायचा नसतो."

हसताय? हसा. तुमच्या घरच्या कोऱ्या वह्याही हसत असतील.

पंत वाईट माणूस नव्हता हो. हेच तर दुखणं आहे. रोज सकाळी यायचा, बुवांचं पद ऐकून डोळे पुसायचा. बुवा विचारायचे, "मग, आज?" पंत म्हणायचा, "आज मन एकाग्र नाही. असल्या मनानं लिहिणं म्हणजे पाप."

बुवा एकदा म्हणाले, "पंत, मी म्हातारा झालोय, हे तुमच्या मनाला कुणी कळवलंय का?"

आता इकडे सून. आवडी लहानपणी पंतोजींच्या शाळेबाहेर बसून चार अक्षरं शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं वैरच. सकाळी बुवा माजघरात खाटेवर बसून पद म्हणत, आणि ती चुलीपाशी भात लावून उभी असे. एक दिवस तिनं पंतांना विचारलं, "चार कागद द्याल का मला?"

"कशाला, सूनबाई?"

"लिहीन काहीतरी."

पंत हसले. प्रेमानंच हसले. "अगं, हा कागद पोथीचा. चुलीपाशी तेलाचे डाग पडतील त्याला."

तिनं चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि भिंतीवर एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी दुसरी. आज वाकडी, उद्या त्याहून वाकडी. भात शिजेपर्यंत एक ओळ, भात उतरला की कोळसा खाली. ताप असला तरी. नवऱ्याचं श्राद्ध होतं, त्या दिवशीसुद्धा.

बुवांना खाटेवरून दारातून ती भिंत दिसायची. एकदा त्यांनी विचारलं, "सूनबाई, रोज रोज मन लागतं का गं तुझं?"

"मनाचं काय विचारता, मामंजी. भाताला राखण लागते म्हणून उभी असते. हात रिकामा असतो, तेवढ्यात होऊन जातं."

"पंतांना सांगूया का? बरं वाटेल त्यांना."

"नको. शुद्धलेखन काढतील माझं."

बुवा खूप हसले म्हणे. आणि गप्प राहिले. मंडळी, तेव्हा सांगितलं असतं तर! पण सुनेचा शब्द.

अशी दोन वर्षं गेली. भिंत दाराच्या मागून माळ्यापर्यंत भरली. सातशे ओळी! आणि पंतांच्या पोथीवर काय? दोन दसऱ्यांचं कुंकू.

माघात एका सकाळी बुवांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नुसते डोळे जिवंत.

आता पंत हादरले. खाटेपाशी बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "बुवा, चुकलो. वाचा परत येईल तुमची. या पाडव्याला इथेच, तुमच्या उशाशी बैठक मांडतो. नाही मांडली तर नाव लावणार नाही." आणि लगेच कामाला लागले. कुठल्या कामाला? लिहायच्या? नाही! जागा शुद्ध करायच्या! एवढं पवित्र लेखन व्हायचं, आणि घर धुरानं काळवंडलेलं. पंतांनी स्वखर्चानं शिंपल्यांचा चुना आणवला. दोन गडी लावले.

आवडी त्या दिवशी होडीनं पलीकडे गेली होती, वैद्याकडे, बुवांच्या तेलासाठी.

माजघर झालं. गडी चुलीपाशी आले. त्यातला एक थबकला. "पंत, हितं काय तरी लिवलंय."

पंत माजघरात बैठकीची जागा बघत होते. आत वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "चुलीपाशी काय असणार? बायकांचं काहीतरी असेल. दोन हात जास्त मार."

गड्यानं कुंचला उचलला. खाटेवर बुवांच्या घशातून आवाज निघाला. डावा हात उठला, पडला. पुन्हा उठला. पंत धावले, तो हात दोन्ही हातांत धरला. बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पंत गड्यांना म्हणाले, "बघा रे. घर उजळलं तर बुवांना किती आनंद झाला."

मंडळी, इथे मला पाणी प्यावं लागतं.

संध्याकाळी आवडी आली. हातात तेलाची बाटली. उंबऱ्यातच उभी राहिली. पंत म्हणाले, "कशी झाली भिंत, सूनबाई?"

"माझ्या ओळी होत्या इथं."

"कसल्या ओळी?"

"मामंजींच्या."

पंत भिंतीपाशी गेले. म्हणाले, "मला सांगायचं नाहीस का गं?"

"कागद मागितला होता तुम्हाला."

पंत चाचरत म्हणाले, "मी तर ऐकून नुसते डोळेच पुसत राहिलो. पण… तुला आठवत तर असतील ना?"

"लिहिलंय म्हणून डोक्यातून सोडल्या. भिंत कुठे जातेय, म्हटलं."

तिनं तांदळाची कणगी सरकवली. गड्यांनी कंटाळा करून ती हलवली नव्हती. बघा हं, मंडळी, गड्यांच्या आळसानं जे वाचलं, ते पंतांच्या भक्तीनं वाचलं नाही! कणगीमागे दोन ओळी शिल्लक होत्या. तिसरीचं पहिलं अक्षरही चुन्याखाली.

"लिहा," आवडी म्हणाली. "पाडव्याला नको. आत्ता."

पंतांनी बासन सोडलं. वर 'श्री' काढला. खाली त्या दोन ओळी. मग ते पोथी घेऊन खाटेपाशी गेले. "बुवा, पुढे? नुसती मान हलवा. आला का हो हरी?"

बुवांनी डोळे मिटून घेतले. आठव्या दिवशी गेले. पाडवा अजून लांब होता.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी आवडीनं भात लावला. सवयीनं कोळसा उचलला. पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली. माजघरात खाट रिकामी. भात शिजला, उतरवला. कोळसा चुलीत टाकला.

ती पोथी चिंचवलीच्या देवळात आहे. अजून दर दसऱ्याला तिची पूजा होते. 'श्री', दोन ओळी, बाकी सगळी कोरी पानं. त्यांवर फुलं वाहतात लोक.

आता तुमच्याकडे वळू? खाली बघू नका, मी नावं घेणार नाही. वही आणली, पेन आणलं, पहिल्या पानावर नाव घातलं. स्फूर्ती येऊ दे, म्हणालात. मूड लागू दे, पोरांच्या परीक्षा होऊ देत, नवीन टेबल येऊ दे. अहो, ही भिंत रंगवणंच चाललंय तुमचं! आणि त्याला तुम्ही श्रद्धा म्हणता. पंत आळशी नव्हता. आळशी माणूस अकरा बोरू तासत नाही. कामाला नमस्कार करता करता त्यानं काम मारलं. आणि जिनं नमस्कार केला नाही, तिच्या कामावर कुंचला फिरवला. तुमच्याही घरात कुणी चुलीपाशी उभं राहून काही लिहीत असेल. विचारलंय कधी? कागद दिलाय?

लोक मला म्हणतात, बुवा, तुम्ही जोडा की तिसरी ओळ, एवढी पदं रचता. नाही जोडणार. ज्यानं अजून सांगायचं ते सांगून टाकलं नाही, ज्यानं अजून लिहायचं ते लिहिलं नाही, त्यानं ती जागा रिकामी ऐकावी.

आरती नंतर. सदाभाऊ, तबला घ्या. दोन ओळी मी म्हणतो. तिसऱ्या ओळीचा ठेका पूर्ण वाजवा. मी गाणार नाही, तुम्हीही कुणी टाळी देऊ नका.

दार उघडे ठेविले, आज येईल श्रीहरी ।
वाट पाहता पाहता, सांज टेकली उंबरी ॥

… वाजवा, सदाभाऊ. वाजू द्या.