कोमट वारा

(सरोवराकाठच्या माराकाइबो शहरातली दुपार. दोरांच्या झोळीत पडलेली अल्सिरा. समोर टेबलावर उघडा कॉम्प्युटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली, तिला ‘मद्रीना’ म्हणजे धर्ममाता म्हणणारी तिची धर्मकन्या योर्लेनिस.)

योर्लेनिस : चिनितामाते! मद्रीना, पुढचा पंखा उलटा बसवलाय. त्यानं हवा आत ओढायची, मागच्यानं तापलेली बाहेर टाकायची. इथं दोघंही बाहेरच फुंकतायत.

अल्सिरा : तुझ्या पद्रीनोनं, माझ्या नवऱ्यानं, एवेलिओनं बसवलाय तो. हात नको लावूस.

योर्लेनिस : अगं, म्हणूनच तर डबा तापून बंद पडतो! आज तुझी लेक मारेल्बा चिलीहून व्हिडिओवर बाळाचा बाप्तिस्मा दाखवणार ना? ऐन पाणी शिंपडताना बंद पडला तर?

अल्सिरा : एवेलिओ म्हणायचा, वीज गेली.

योर्लेनिस : पद्रीनो थापा मारायचे. वायर बघ. मदरबोर्डाला जोडली असती, तर पंखा गरजेपुरता फिरला असता. यांनी थेट डब्यातल्या वीजपेटीला जोडलीय, म्हणजे कायम सुसाट. मुद्दाम केल्यासारखं.

अल्सिरा : मुद्दामच केलं त्यानं. छताचा पंखा जळला होता. तो तिथं काम करायचा, मी इथं घामानं निथळत पडायचे. एकदा म्हणाला, “डोळे मीट.” आणि पायांवर वारा आला गं. झोळी हलायची, पापण्या जड व्हायच्या... वाटायचं, खोली घरापासून सुटून सरोवरावर तरंगतेय.

योर्लेनिस : पण तो आतला तापलेला वारा! कोमट लागत असेल.

अल्सिरा : लागायचा की.

योर्लेनिस : मग बोलली नाहीस?

अल्सिरा : रोज विचारायचा, “कसा आहे?” मी म्हणायचे, “गार.” इतका खूश व्हायचा वेडा! तो गेला, वारा तेवढा राहिला. आता बाळ बघायचं तर वाराही घालवायचा. मला दोन्ही हवंय, पोरी.

योर्लेनिस : रडू नकोस. थांब जरा... पंखा सुलटा करते, बोर्डाला लावते. आणि अख्खा डबाच फिरवते. तोंड खिडकीकडे, पाठ तुझ्याकडे. मागचा पंखा तुझ्या पायांवर फुंकेल. त्याचा वेग जरा चढाच ठेवते.

अल्सिरा : मग बंद नाही पडणार?

योर्लेनिस : नाही पडणार. डोळे मीट.

अल्सिरा : मिटले.

योर्लेनिस : येतोय वारा?

अल्सिरा : येतोय.

योर्लेनिस : कसा आहे?

अल्सिरा : गार.