चहाच्या खोलीतलं मशीन

— नाही सर, आधी मास्क. हो, तुम्हालासुद्धा! मशीनला पैसे देणाऱ्या समितीवर असलात म्हणून काय झालं, थुंकी सगळ्यांची सारखीच — रागावू नका, माझं बोलणंच असं. आरएनए म्हणजे फार नाजूक प्रकरण. बोलता बोलता एक थेंब उडाला की नमुना खलास. म्हणून नळी उघडली की इथे कुणी बोलायचं नाही. मला या नियमाचा किती जाच होत असेल, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर तुमचा प्रश्न. दोन प्रयोगशाळांत एक मशीन, भांडणार नाही कशावरून? अहो, भांडून झालंय की! मनसोक्त! काचेपलीकडे आमच्याकडे पाठ करून बसलेत ना, ते शेजारच्या प्रयोगशाळेचे प्रमुख — त्यांना आम्ही खडूस म्हणतो, त्यांना माहीत आहे, बहुतेक आवडतंही — त्यांना मशीन त्यांच्याकडे हवं होतं, मला माझ्याकडे. शेवटी दोघांच्याही मालकीची नाही अशी एकच खोली निघाली, ती ही, चहाची. तो बघा, ओट्यावर किटलीचा डाग. आता चहा जिन्यात बसून पितो. जिना केवढासा, एक सरकल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. ‘सरका जरा’ म्हणता म्हणता आम्ही चक्क बोलायला लागलो. आता हे अर्जात कुठे लिहू, सांगा!

दोन मशीन का नकोत? देताय का? — नाही, गंमत केली. दोन असून उपयोगच नाही, सर. कॅन्सरची गाठ तीच, औषध तेच, पण एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही. का? जीन असून भागत नाही, कुठलं जागं आहे आणि कुठलं झोपलंय ते कळायला हवं, आणि तेवढंच हे मशीन आरएनएवरून सांगतं. माझ्या डब्यात औषध लागू पडलेल्यांचे नमुने, खडूसांच्या डब्यात न पडलेल्यांचे. वेगवेगळ्या मशीनवर मोजले तर फरक गाठींचा की मशीनचा, कोण सांगणार? दोन्ही डबे एकत्रच चालायला हवेत. आज हे कंपनीकडून उसनं आणलंय. तुम्ही नाही म्हणालात की उद्या ट्रकमध्ये चढेल, आणि आमचे परत दोन डबे आणि मध्ये भिंत.

एवढी धडपड का? अहो, काम आहे माझं. सगळ्यांना असंच सांगते — आता तुम्ही असे बघताय म्हणून — माझी ताई. थोरली बहीण. तिलाही हीच गाठ. नमुना औषधाच्या आधीच घेतात, कुठल्या डब्यात जाणार ते मागाहून ठरतं. मी माझ्या डब्यात तिच्यासाठी एक खाच रिकामी धरून ठेवली होती. बसमध्ये रुमाल टाकतात ना, तशी! ताई हसली होती, म्हणाली, तुझ्या वशिल्यानं तरी लागू पडू दे बाई.

नाही पडलं. गेली ताई. मग मीच तिची नळी बर्फात ठेवून भिंतीपलीकडे नेली. तेव्हा खडूसांचं माझं बोलणंसुद्धा नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि खुर्ची पुढे केली. बस, तेवढंच. नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात — पण तो आकडा मला पाठ आहे. हे तुम्ही ऐकलं नाहीत हं, सर.

रडत नाहीये, मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते. फार आठवण येते हो तिची. सारखी म्हणायची, हिचं तोंड बंद करणारं मशीन काढा कुणीतरी —

थांबा. खडूसांनी हात वर केला, म्हणजे आता नळी उघडायची. तिचीच आहे. तिकडे सरका, सर, आणि आता एक अक्षर नाही. मीसुद्धा