मैनुद्दीनचाचांची चढी पेटी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या वाचनालयाच्या विश्वस्त माननीय प्रियदर्शनीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मैनुद्दीनचाचा, त्यांची कन्या सबा, पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या इंदुबाई, नारायण पेठेतले शेजारी (ज्यांनी आमच्याविरुद्ध तक्रारी केल्या तेही आलेत, त्यांचे विशेष आभार), आणि पुण्यातल्या चालू, बंद पडलेल्या व भांडून बसलेल्या तमाम बँडमधल्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी सर्जेराव. ‘आडवा बोळ’ या बँडचा ड्रमर. नाव आजोबांचं आहे, तब्येत माझी आहे. हसून घ्या, पुढे फारसं हसायला मिळेल असं वाटत नाही.

चाचांचं खाली पेटीदुरुस्तीचं दुकान आणि वर माळ्यावर आमची तालमीची खोली. या शहरात मराठीत स्वतःची गाणी रचून गिटारवर म्हणणारं जे कुणी आहे, ते कधी ना कधी त्या माळ्यावर घामाघूम झालेलं आहे. चाचा आता सबाकडे कोंढव्याला राहायला चाललेत. दुकान बंद, माळाही बंद. ही शाल टेबलावर तशीच का पडून आहे, असा प्रश्न ताईंच्या चेहऱ्यावर मला मघापासून दिसतोय. ताई, चाचांनी ती घेतलेली नाही. ते म्हणाले, ‘आधी आडवा बोळ माझ्यासमोर ते अर्धं राहिलेलं गाणं पुरं करेल, मग शाल. नाही तर मी तसाच जातो.’ आणि चाचांचा हट्ट मोडलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

अडचण अशी आहे की आडवा बोळ चार वर्षांपूर्वी मोडला. आमची गायिका श्रद्धा, इंदुबाईंची लेक, तिसऱ्या रांगेत बसली आहे. गिटारवाला शुभंकर शेवटच्या रांगेत, दाराजवळ. दोघांना बोलावलं मी, आणि दुसरा येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. शुभंकर, उठू नकोस. निदान माझं होईपर्यंत बस. खडकीहून आलायस, इतकी काय घाई आहे?

आता चाचांचा नियम नव्या मंडळींना सांगायला हवा. माळ्यावर कुणीही आलं तरी वाद्य लावायचं ते चाचांच्या पेटीवरून. सूर जुळवायची यंत्रं, मोबाईल, लॅपटॉप, सगळं बाहेर चपलांशेजारी. ‘मशीनला कान असतात का?’ हा त्यांचा सवाल. आम्हीही मान डोलवायचो. मी जरा जास्तच डोलवायचो, कारण मला सुरातलं काही कळत नाही. मी ड्रमर आहे, माझ्याकडून तशी अपेक्षाही कुणी केली नाही.

तर बँड मोडला त्या वर्षी आम्हाला एका मोठ्या महोत्सवात बोलावलं. गाण्याचे शब्द शुभंकरचे, पण चाल इंदुबाईंची. मंडईत भाजी निवडता निवडता त्या गुणगुणायच्या ती. लेकीनं ती उचलली. इंदुबाईंनी त्या दिवशी गाळा बंद ठेवला होता. सणाला न ठेवणारी बाई! मंडईतल्या दहाबारा जणी नव्या साड्या नेसून पुढे बसल्या होत्या.

शुभंकरनं त्या गाण्यासाठी बासरी आणि व्हायोलिनं स्टुडिओत भरून घेतली होती. ते रेकॉर्डिंग त्याच सकाळी हातात आलं. माळ्यावर लॅपटॉपला बंदी, त्यामुळे त्याच्यासोबत तालीम झालीच नाही. आम्ही नेहमीसारखे पेटीवरून वाद्यं लावून निघालो. दुसऱ्या कडव्याला रेकॉर्डिंग सुरू झालं आणि सगळं विस्कटलं. गिटार एकीकडे, बासरी दुसरीकडे. स्टेजवरच्या गोंगाटात शुभंकरला स्वतःची गिटार ऐकू येत नव्हती. त्यानं हात थांबवला. आता रेकॉर्डिंग आणि श्रद्धा, दोघंच उरले, आणि कुणालाही वाटावं की बाईच बेसूर आहे. शुभंकरनं माइक ओढला आणि भर मैदानात म्हणाला, ‘श्रद्धा, सुरात गा.’

मंडळी, आईची चाल, आई समोर, आणि हे वाक्य. मैदान हसलं. श्रद्धानं गाणं तिथेच सोडलं आणि ती खाली उतरली. त्यानंतर ती कुठेही गायली नाही. तुमच्यापैकी कितीजणांनी तिला विचारलं असेल, ‘अगं, का सोडलंस?’ तिला स्वतःलाच शंका होती, आपलाच कान गेला की काय. एखाद्या गाणाऱ्या माणसाला याहून वाईट काय होऊ शकतं, मला माहीत नाही.

आता जे सांगतोय ते चाचांनी सांगायला लावलंय. ते म्हणाले, ‘माझ्यानं नाही होणार, सर्जा. तू बोल.’ चाचा, मान खाली घालू नका.

दुकान आवरताना चाचांनी ती पेटी एकाला विकली. तो दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. म्हणाला, पेटी चढी आहे. चाचा त्याच्या अंगावर ओरडले. सबानं मोबाईलवर सूर तपासायचं ॲप लावलं आणि तो पेटीशेजारी धरला. पेटी खरंच चढी होती, आणि थोडीथोडकी नाही. साऱ्या पुण्याच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीचे सूर कधीचे वर सरकलेले! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती पेटी इथे स्टेजवर आहे. चाचांनी तिला हात लावलेला नाही, कुणालाही येऊन तपासता येईल.

म्हणजे त्या दिवशी स्टुडिओतलं रेकॉर्डिंग नेमक्या सुरात होतं आणि आम्ही सगळे या पेटीच्या चढ्या सुरात; श्रद्धा, तू बेसूर नव्हतीस. तुला दिलेला सूर तू शेवटपर्यंत धरून होतीस. आमच्यात ती एकटीच सुरात होती, इंदुबाई. तुम्ही त्या दिवशी मंडईपर्यंत मान खाली घालून चालत गेलात, मी मागून येत होतो. आज मान वर करून बसा.

शुभंकर, तू उभा राहिलायस. हात दाराच्या कडीवर आहे, मला दिसतंय. पेटी चढी होती हा चाचांचा दोष, तो त्यांनी कबूल केला. पण ते वाक्य पेटीचं नव्हतं.

असो. समारोप करतो. वाचनालयानं सभागृह दिलं, सबानं सर्वांसाठी शीरखुर्मा केला, शेजाऱ्यांनी आज तक्रार केली नाही, सर्वांचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी वक्त्यानं क्षमा मागावी असा आपल्याकडे प्रघात आहे. माझं वेडंवाकडं बोलणं ताईंनी आणि आपण सर्वांनी पोटात घालावं. पण या सभागृहातली एक क्षमा माझी नाही. ती माझ्या तोंडून शोभणार नाही.

दार सोडलंस? ये. सावकाश ये.

श्रद्धा, काय म्हणालीस? मागे ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. ती म्हणते, ‘तेव्हा माइकवर बोलला होता. आताही माइकवरच.’

बरोबर आहे. इंदुबाई, पाय जरा आत घ्या, त्याला येऊ द्या.

घे शुभंकर. माइक चालू आहे.